नत्थूजींच्या दोन बादल्या

नत्थूजींचं नाव निघालं की माझ्या पोटात अजून दुखतं. माणूस चांगला होता, हेच तर दुखणं.

१९८७ साली आमच्या बियाणे संस्थेच्या इतवारीतल्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. मशीन वरच्या मजल्यावर एसी खोलीत, त्यात गावोगावच्या मागण्यांची नोंद. खाली काउंटरवर चार टर्मिनलं, केबलनं वर जोडलेली. मी पुण्याहून कोर्स करून आलेला, भल्याभल्यांना खोलीबाहेर चपला काढायला लावणारा. आणि नत्थूजी उन्हाळ्यापुरते कूलरवाले. खसच्या ताट्या बदलायच्या, पाणी भरायचं, पाऊस लागला की घरी जायचं. अकरा वर्षं हेच.

मे महिन्यात रोज साडेअकराला चारही टर्मिनलं बंद पडू लागली. पडद्यावर एकच निरोप: मशीनशी संपर्क नाही. वर मशीन मात्र ठणठणीत. मी केबल बदलली, पिना बदलल्या, जाडजूड पुस्तक दोनदा वाचलं. खेड्यांतून आलेली माणसं डोक्याला दुपट्टे बांधून ताटकळत होती. चौथ्या दिवशी नत्थूजी दारात आले. चपला न सांगता काढल्या.

"साहेब, कूलर चालू झाले का तुमची लाइन जाते. मी तीन दिवसांपासून पाहून राहिलो."

"कूलरचा याच्याशी काय संबंध?"

"अर्थिंगचा खड्डा सुकला असन. कूलरच्या करंटनं जावं कुठं?"

तरुणपणी त्यांनी टेलिफोनच्या तारांवर काम केलं होतं. ऑफिसच्या मागे पत्र्याखाली खड्डा होता, माती इतकी फाटलेली की भेगेत मूठ जावी. नत्थूजींनी ओंजळभर मीठ टाकलं, दोन बादल्या पाणी ओतलं. थोड्या वेळानं टर्मिनलं सुरू झाली. काउंटरवरच्या शोभाताईंनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी त्यांनी कधी बोटही उचललं नव्हतं.

आमचे मॅनेजर आनंदराव साहेब भला माणूस. त्यांनी मला बोलावलं. "दोष नत्थूजीनं शोधला म्हणतात. खरं असेल तर दोन ओळी लिहून द्या. तुमच्या विभागात कायम करून घेऊ."

नत्थूजी पन्नाशीला आलेले. ही संधी गेली तर दुसरी नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी खरं तेच लिहायला बसलो. तेवढ्यात जिन्यावरून शोभाताईंचा आवाज आला, "पुण्याच्या कोर्सपेक्षा आपली बादलीच बरी वं बाई." सगळे हसले. मी कागद फाडला आणि नवा लिहिला: दोष मी शोधला, कूलरवाल्याने माझ्या सांगण्यावरून पाणी घातले.

साहेबांनी शिकलेल्याचा शब्द मानला. जूनमध्ये कूलर उतरले, नत्थूजी गेले. पुढल्या वर्षी कूलरचं काम ठेकेदाराला द्यावं, हेही मीच सुचवलं.

पुढल्या मे महिन्यात लाइन पुन्हा जाऊ लागली. मी गुपचूप दोन बादल्या ओतल्या. मग चार. मग मिठाची अख्खी पिशवी. काही होईना. शेवटी झक मारत स्कूटर काढली आणि नंदनवन वस्तीत नत्थूजींचं घर शोधलं.

त्यांच्या बायकोनं, भागीरथाबाईंनी, पाणी दिलं. म्हणाल्या, "हे तुमचं नाव घेत राहतात. साहेबानं माह्यासाठी लिहून देल्लं, वरच अडलं असन, म्हणतात."

मला वाटलं होतं, माणूस रागावलेला असेल. रागावला असता तर बरं झालं असतं. नत्थूजी मात्र काही न विचारता स्कूटरवर मागे बसले.

खड्ड्याची माती उकरून त्यांनी अर्थिंगच्या तांब्याच्या पट्टीचा बोल्ट दाखवला. हिरवा गंज चढला होता. "पाणी तं पाहिजेच, पण दरसाल हा बी घासा लागते," म्हणाले. पॉलिशपेपरनं घासला, कसला, माती दाबली. टर्मिनलं सुरू झाली. एवढी साधी गोष्ट, आणि तीसुद्धा त्यालाच यावी. मी जळलो, अगदी तिथे उभ्या उभ्या.

हात धुऊन नत्थूजींनी वर पाहिलं. "साहेबाले भेटून घेऊ का?"

साहेब खिडकीशी पेपर वाचत बसले होते. मला दिसत होते.

"मीटिंग आहे," मी म्हणालो.

"काही हरकत नाही. तुमच्या शब्दाले वजन राहते. तुमीच सांगून द्या."

सांगतो, म्हणालो.