पपनसाच्या गुटीची रोपं

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. रोह्याच्या आमच्या वाडीत लिंबांची पानं पिवळी पडू लागली, तेव्हा पुण्याच्या प्रयोगशाळेतून एक माणूस आला. नाव मी विचारलंच नाही. एका झाडाची पानं कापली की तो कात्री स्पिरिटने पुसायचा, मगच दुसऱ्या झाडाला हात लावायचा. हिरव्यागार पपनसाचीही पानं त्याने बर्फाच्या डब्यात ठेवली.

"ह्याला काय झालंय? चांगलं तर हाय," मी म्हणालो.

"जंतू एवढासा असला तरी आमचं यंत्र त्याच्या डीएनएच्या लाखो नकला काढतं. मग तो लपत नाही. ह्याच्या गुटीची रोपं कुणाला दिलीत? रोग त्यातूनही जातो."

कासू गावात लेकीला, पेणला मेहुण्याला, आळीत घरोघरी, मीच हौसेनं कमरेच्या चाकूने फांद्यांची साल सोलून, तिथं मुळं फुटली की कापून रोपं करून दिली होती.

"कुणालाच नाय."

माझ्या कमरेचा चाकू त्याने मागून घेतला, स्पिरिटने दोनदा पुसला आणि परत दिला.

निकाल यायला महिना होता. तेवढ्यात लेकीचा निरोप आला, "आबा, तुम्ही दिलेल्या पपनसाला पालवी फुटलीय, बघायला या." मी गेलो नाही.