देवमाशांमध्ये लेक घरीच राहते

पाहुणे मुलगी बघायला आलेले असताना बापाने काय बोलू नये याची यादी कुणी करून ठेवलेली नाही. असती, तरी तीत देवमासा नसता. मी देवमाशावर बोललो.

खरं तर तो कार्यक्रम नावापुरताच होता. आमची मुलगी आणि तो कळमनुरीचा मुलगा बी.एड.ला एका वर्गात होते, दोघांचं ठरलेलं होतं. मुलाच्या आईचा होकार तेवढा यायचा होता. चुरमुऱ्यांची सुशीला खाऊन झाली, चहा झाला, वसमतच्या बाजारातल्या हळदीवर बोलून झालं, आणि बैठक गप्प बसली. गप्प बैठक मला सोसत नाही. घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. पुतणे-भाचे मला पाहून हल्ली चपला शोधायला लागतात, त्यामुळे उठून जाता न येणारे पाहुणे म्हणजे माझी चंगळ. त्यातून आदल्याच आठवड्यात मी मोबाइलवर चौकोनी डोक्याच्या देवमाशांची फिल्म पाहिली होती. इंग्रजीत त्यांना स्पर्म व्हेल म्हणतात. ते नाव पाहुण्यांसमोर घ्यायचं नाही, एवढं भान मला होतं. तेवढंच होतं.

"मोठा घरंदाज जीव बघा," मी मुलाच्या आईला म्हणालो. "आजी, आई, मावश्या, लेकी, सगळ्या एकत्र. एकजण खायला शोधत खोल बुडी मारते, तवर दुसरी तिचं लेकरू सांभाळते. बोलणं सगळं टकटक करून. आन् गोतागोताची टकटक निराळी."

"मंग लेकी कुठं जात्यात?" त्यांनी विचारलं.

"कुठंच न्हाई! जन्मभर आईपाशी. पोरगं मोठं झालं की तेच घर सोडतं. लांब थंड पाण्यात एकटं फिरतं, कधीमधी पाहुण्यासारखं येऊन जातं."

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांना एकच मुलगा, आम्हाला एकच मुलगी. ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसली, ती माझं बोलून झाल्यावर.

"वर बांधकाम काढलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"व्हय. दोन खोल्या."

"कोणासाठी?"

"असंच."

माणसाने कुणालाही असंच म्हणावं, मुलाच्या आईला म्हणू नये. "कळवतो," म्हणून मंडळी उठली.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा किराणावाला साखर मोजता मोजता म्हणाला, "साहेब, काल कळमनुरीकडचे एक पाहुणे विचारून राहिले होते, तुमच्या वरच्या मजल्याला लाइटचं मीटर वेगळं हाय का म्हणून."

"मग तू काय सांगितलं?"

"वेगळं हाय म्हणलं. हाय ना?"

आहे. झालं, पुरावाच मिळाला त्यांना.

मग मलाही संशय यायला लागले. लोक चौकशी करतात ती मुलीच्या स्वभावाची, हे मीटरची काय करतात? मुलाचा रोज संध्याकाळी येणारा फोन दोन दिवस का आला नाही? आणि मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की मायलेकींचं बोलणं का थांबतं? त्या फिल्ममध्ये होतं, संकट आलं की देवमासे पिल्लाला मध्ये घेऊन गोल करतात, तोंडं आत, शेपट्या बाहेर. आमच्या स्वयंपाकघरात तोच गोल झाला होता, आणि मी बाहेरच्या बाजूला होतो.

"ते मीटरचं काहून विचारलं असंल गं?" मी बायकोला विचारलं.

"तुमच्या माशालाच विचारा," ती म्हणाली.

मुलीने तर माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. ताट वाढायची, पण "बाबा" म्हणायची नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मुलाच्या आईचाच फोन आला. मुलगी लगेच दारात येऊन उभी राहिली.

"भाऊ, मनात असंल तर आत्ताच सांगा," त्या म्हणाल्या. "तुमाला घरजावई पायजे का? माझं पोरगं भोळं हाय, ते राहील बी तिथं. मंग मी कोणाच्या तोंडाकडं बघू?"

"न्हाई हो ताई," मी म्हणालो. पण ते न्हाई जरा उशिरा निघालं. तिकडे ते त्यांनी ऐकलं, इकडे मुलीने.

तिने माझ्या हातून फोन घेतला. "काकू, मी कळमनुरीलाच येणार आहे. दोन वर्षांपासून माझं ठरलेलंय. बाबांच्या गोष्टीतला एक पण मासा आमच्या नात्यातला नाही."

पलीकडून मग हसणं ऐकू आलं, आधी जपून, मग मोकळं. "रविवारी या बोलणी करायला," त्या म्हणाल्या. "आन् गोष्टीवाल्याला आणायचं तर तोंड शिवून आणा."

मुलगी फोन माझ्या हातात देऊन आत पळाली. मी जिंकल्यासारखा बायकोकडे वळलो. "बघ, मिटला का न्हाई गैरसमज?"

ती परातीतले तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गैरसमज कुठं होता? बराबर ओळखलं त्या बाईनं. मी म्हणते, लेकीनं आईपाशी राहायची ही गोष्ट तुमाला आत्ताच काहून सुचली? मला घेऊन निघालात तवा माझी आई दारात रडून राहिली होती, आन् तुमी बसची वेळ बघून राहिला होता."