नुसतं चालायचंय

मंगलला हे माहीत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्यापासून बारीकसारीक गोष्टी पुष्कळ लपवल्या, पण त्या कधी ना कधी तोंडातून निसटल्या. ही निसटली नाही — मी निसटू दिली नाही. आज तुम्हाला सांगतोय.

मला माझा साडू आवडत नसे. नको, असं गुळमुळीत नको. मी त्याचा द्वेष करायचो. सकाळी दाढी करताना करायचो, वर्गात फळ्याकडं तोंड करून उभा असताना करायचो. असा द्वेष, ज्याला समोरच्यानं काही करावंच लागत नाही.

शिवानंद — मंगलच्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा नवरा. उदगीरला त्याचं बी-बियाण्याचं दुकान. आमची सासुरवाडीही तिथलीच. मी थोरला जावई, लातूरला शिक्षक. पंगतीत पहिला पाट माझा, पहिली पुरणपोळी माझ्या ताटात — आणि बोलणं त्याच्याशी. सासऱ्यांना शेताचं विचारायचं असलं तर त्याला, मेहुण्याला — वीरेशला — गाडी घ्यायची असली तर त्याला. मला काय विचारायचे? "जावईबापू, चहा टाकू का?" यात त्याचा दोष काय? त्यानं एकदा तरी माझा पाणउतारा करावा म्हणून मी वाट बघायचो. तो मला मान द्यायचा, आणि मनापासून द्यायचा. तेच सोसत नव्हतं.

एका दिवाळीत आम्ही दोघंच उदगीरच्या किल्ल्यात गेलो होतो. मी बुरुजाच्या कडेला उभा. हा आत, भिंतीला पाठ लावून बसलेला, ओठ पांढरे. मी विचारलं आणि त्यानं सांगून टाकलं. लहानपणी चुलत्यानं कमरेला दोर बांधून त्याला विहिरीत सोडलं होतं, पडलेली बादली काढायला. दोर मध्येच अडकला. चुलता माणसं आणायला पळाला, आणि हा तिथंच लोंबकळत — खाली काळं पाणी, वर ताटाएवढं आभाळ.

"तवापासून पायाखालची जमीन गेली की अंगच थांबतंय सर माझं. सुनंदाला बी न्हाई बोललो. तुम्हालाच सांगायलोय."

"माझ्या पोटात राहील," मी म्हणालो. राहिलं की! कुठल्याही विषासारखं राहिलं.

पुढं वीरेशनं मोबाइलवर सह्याद्रीतल्या एका घळीचे फोटो आणले. दोन्ही अंगांना उभे कडे, मधून जेमतेम माणूस जाईल अशी वाट, आणि जिथं वाट तुटते तिथं दोरावरून खाली उतरायचं. शनिवार-रविवार धरून सगळ्यांनी जायचं ठरलं. "नियोजन दाजींकडं," वीरेश म्हणाला. "पोरांच्या सहली नेऊन नेऊन हात बसलाय त्यांचा." त्या घरानं पहिल्यांदाच मला काही मागितलं होतं. मी किती मन लावून केलं! गाडी ठरवली, मुक्कामाची सोय केली, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कुणी घ्यायची तेसुद्धा मीच सांगितलं. घळीकडच्या वाटाड्याशीही मीच फोनवर बोललो. तो म्हणाला, "उंचीला भिणारं कुणी असलं तर आधी सांगा, साहेब. एकदा दोरानं खाली गेलं की मागं येता येत नाही."

डोळ्यांपुढं कोण आलं, हे वेगळं सांगायला हवं का?

"सगळे धडधाकट आहेत," मी म्हणालो.

इथवर कदाचित स्वतःला म्हणता आलं असतं की बोलण्याच्या ओघात राहून गेलं. पण निघायच्या आधी शिवानंदाचा फोन आला. दुकानात गर्दी असावी, तो हळू बोलत होता. "सर, दोराबिराचं काय न्हाई ना? वीरेश काहीबाही बोलायलाय."

"छे हो! त्याचं काय ऐकता? नुसतं चालायचंय. मी आहे ना."

"मग काय चिंता," तो म्हणाला. आणि हसला.

घळीत तो सगळ्यांच्या पुढं चालत होता. सुनंदाच्या हातातली पिशवीही त्यानं घेतली होती. वाट तुटली तिथं तो थांबला. वाटाड्यानं दोर सोडला आणि सांगितलं, कुणाला मागं फिरायचं असेल तर इथूनच फिरा. शिवानंदानं माझ्याकडं बघितलं. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं — चला, आपण दोघं परत जाऊ, माझे गुडघे दुखतात. किती सोपं होतं! मी वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो.

सुनंदा आधीच खाली पोचली होती. "अहो, या की!" ती ओरडत होती. तो गेला. बायको बघतेय म्हणून गेला. अर्ध्यावर त्याचे हातपाय थांबले. दोराला लटकून तो ओरडायला लागला — माणसासारखं नाही. वीरेश वरून म्हणाला, "धाकटे दाजी, वाळत घातलंय का काय तुम्हाला?" सगळे हसले. हो, मीही. शेवटी पोतं सोडावं तसं त्याला खाली सोडलं. त्याची विजार ओली झालेली सगळ्यांनी बघितली. मग हसणं थांबलं.

मी खाली उतरलो तेव्हा तो खडकावर बसला होता. माझ्याकडं बघून म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं. दोर न्हाई म्हणालात तुम्ही."

सगळे माझ्याकडं बघत होते. आणि माझा आवाज, खरं सांगतो, जराही हलला नाही. "मी? मला तुम्ही कधी काय सांगितलं? दोर आहे हे तर पोरासोरांनाही माहीत होतं." ते खरंच होतं, दोराचं बाकी सगळ्यांना माहीत होतं. किल्ल्यातलं मात्र मला एकट्यालाच. त्यानं सुनंदाकडं बघितलं. तिनं मान खाली घातली.

त्या दिवसापासून घरात एकच गोष्ट चालली — धाकट्यानं स्वतःचा भित्रेपणा झाकायला थोरल्यावर आळ घेतला. सासरे म्हणाले, माफी मागितल्याशिवाय त्यानं उंबरा चढू नये. तो म्हणाला, मी खोटं बोललो नाही. सुनंदा सणाला एकटी यायची, स्वयंपाकघरात बसायची आणि संध्याकाळच्या आत निघायची. गावातल्या गावात माहेर, आणि तिला परक्यासारखं जावं लागायचं. पुढं पुढं तेही थांबलं. मंगल चिडून म्हणायची, "माणूसच घमेंडी." मी म्हणायचो, "जाऊ दे, मोठ्यानं मन मोठं करावं." हे मी म्हणायचो!

यंदा वीरेशचं लग्न झालं. अक्षता पडल्यावर सासऱ्यांनी शिवानंदाला मांडवात बोलावून घेतलं. त्यांचा आवाज आता थकलाय. "पोरीचं माहेर तोडू नका, बापू. थोरल्याच्या पाया पडा, विषय संपवा." शिवानंद उभा राहिला. मागं सुनंदा होती, पदराचं टोक मुठीत धरून. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

तो वाकला. "चुकलं सर माझं," म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मांडव गप्प होता. एक वाक्य बोलायला तेवढी जागा पुष्कळ झाली असती. मी पाय मागं घेतले नाहीत. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू द्या. मी कधीच मनावर घेतलं नव्हतं."