किंचाळले तरी येऊ नका

"अहो, गळा नीट धरा ना! असा धरतात होय? यानं मांजरसुद्धा मरायचं नाही."

भर दुपारी ओट्याला पाठ टेकून आपल्याच नवऱ्याला असं फर्मावणारी बाई कुठे असते का? होती. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत. मजल्यावरचे लोक तिला मारामारीवाली म्हणायचे, आणि तिलाही ते नाव आवडायचं. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याची लाज कसली?

ती घरी बसून, संगणकावर मिळतील ती कामं घेऊन लिहायची. सुरुवातीला गाद्यांची वर्णनं लिहिली. दोनशे शब्दांत एक गादी. मग मिक्सर, मग केसांचं तेल, मग कुत्र्याचे पट्टे. एका वर्षात तिनं इतक्या गाद्यांचं कौतुक केलं की स्वतःच्या गादीवर तिला झोप येईना. तेवढ्यात मोबाइलवर रोज एक भाग देणाऱ्या एका कथामालिकेला लेखक हवे असल्याची जाहिरात दिसली. प्रेमाचे प्रसंग लिहायला रांग लागली होती. मारामारी लिहायला कुणी तयार नव्हतं. हिनं हात वर केला.

पहिलाच प्रसंग परत आला. संपादिकेनं खाली लिहिलं होतं, "उजव्या हातात सुरा आहे, डाव्यानं केस धरलेत, मग दाराची कडी कोण काढतंय?" ही संपादिका तिनं कधी पाहिली नव्हती. आवाजही ऐकला नव्हता. पण बाईची नजर कावळ्याची होती. मारामारीवाली दोन दिवस डोकं धरून बसली आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "जरा उभे राहता का? माझे केस धरा आणि कडी काढून दाखवा."

नवरा एका गोदामावर पहारेकरी होता. भरती झाल्यावर त्याला पंधरा दिवस डावपेच शिकवले होते. माणूस खाली कसा पाडायचा, मनगट कसं मुरगाळायचं, करंगळी उलटी वाकवून पकड कशी सोडवायची. त्याला हे सगळं बायकोला शिकवायला भारी मजा वाटायची. दोघं प्रसंग करून बघायचे आणि ती लगेच लिहायला बसायची. एकच नियम होता. दुखलं की जमिनीवर किंवा भिंतीवर दोन थापा मारायच्या. दोन थापा ऐकल्या की समोरच्यानं त्या क्षणी सोडायचं.

पहिल्या आठवड्यातच गोंधळ झाला. ती "मेले, मेले" म्हणून किंचाळली आणि आख्खा मजला दारात गोळा झाला. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात बादली. बादली कशाला आणली होती ते त्यालाही सांगता आलं नाही. ही हसून हसून लोळायची बाकी होती. सगळ्यांना चहा पाजला, कथामालिका दाखवली आणि दारोदार जाऊन सांगून आली, "आमचं कामच आहे हे. मी किंचाळले तरी येऊ नका."

शेजारी गुणी निघाले. पुन्हा कुणी आलं नाही.

दोन वर्षं बरी गेली. तिच्या नावापुढे ताऱ्यांची रांग लागली. वाचक लिहायचे, "या बाईंचा ठोसा वाचताना आपलाच जबडा दुखतो." आणि मग गोदामात कॅमेरे बसले. कॅमेऱ्यांना पगार लागत नाही, डुलकी लागत नाही. पहारेकरी घरी बसला.

घरी बसलेला पुरुष आधी वर्तमानपत्र वाचतो, मग बायकोचा मोबाइल. यानं वाचकांचे अभिप्राय वाचायला घेतले. एक एक मोठ्यानं वाचायचा. "ठोसा माझा. पकड माझी. नाव मात्र तुझं," तो म्हणाला. आधी हसत म्हणाला, मग हसणं गेलं. "माझं नाव घाल त्याच्यावर."

"एकाच लेखकाचं नाव घेतात हो ते," ती म्हणाली. "विचारते मी."

तिनं विचारलं नाही. इथे तिचं चुकलं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. अंगावर डाव करून दाखवला म्हणून कुणी लेखक होत नाही. वाक्य तिचं होतं आणि ते कुणाला वाटून द्यायला तिचा जीव होत नव्हता. मला तर यात काहीच वावगं दिसत नाही.

त्यानंतर त्याच्या हाताचं वजन वाढलं. खांद्यावर पाच बोटं उठली. "चुकून लागलं," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात ओठ फुटला. तेही चुकून. थापा मारल्यावर तो सोडायचा, पण लगेच सोडायचा नाही. श्वासभर थांबायचा. तिला ते कळत होतं. ओठावर ओलं फडकं धरून ती दुसऱ्या हातानं टंकायची, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते भाग फार चांगले उतरायचे. संपादिका लिहायची, "उत्तम. असंच चालू द्या."

त्या दिवशी पाचच्या आत भाग पाठवायचा होता. खलनायक नायिकेला स्वयंपाकघरात गाठतो, एवढंच ठरलं होतं. साडेतीनला ती खुर्चीतून उठली. "या हो जरा."

"नावाचं विचारलंस?"

"आधी प्रसंग होऊ दे, मग बोलू."

तो आला. तिचा उजवा हात धरून त्यानं मागे पिरगाळला आणि तिला ओट्यावर दाबलं. खांद्यात कळ गेली. तिनं ओट्यावर दोन थापा मारल्या. त्यानं सोडलं नाही. पुन्हा दोन. हात आणखी वर गेला.

"अहो, थाप मारली मी!"

"ऐकली," तो म्हणाला.

ती किंचाळली. पलीकडे शिवणवाल्या मावशीचं यंत्र चालू होतं. ते थांबलं. ती आणखी जिवाच्या आकांतानं ओरडली, "मावशी! मारतोय हा मला! खरंच मारतोय!" क्षणभर शांतता, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. मावशीचं तरी काय चुकलं? "खरंच मारतोय" हे वाक्य तिनं भिंतीपलीकडून दहा वेळा तरी ऐकलं होतं.

त्यानं तिचं मधलं बोट धरलं आणि मोडलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मग त्याच्या शेजारचं. "आता लिही," तो म्हणाला. "बघू किती लिहितेस."

तिनं टाच मागे हाणली, त्याच्या नडगीवर. तो फिरला, तिला भिंतीवर आपटलं आणि दोन्ही हातांनी गळा धरला. या वेळी नीट धरला. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. तिला करंगळी आठवली. डाव्या हातानं तिनं त्याची करंगळी शोधली आणि सगळं वजन टाकून उलटी वाकवली. तो ओरडत खाली बसला. ती त्याच्या पाठीवर पडली, दंड धरून मागे ओढला, गुडघा मणक्यावर रोवला. त्याचं नाक फरशीवर फुटलं आणि रक्ताचा ओघळ ओट्याखाली गेला.

मग त्यानं फरशीवर दोन थापा मारल्या.

आणि तिनं सोडलं. विचार केला नाही. दोन वर्षं हात जे शिकले होते तेच हातांनी केलं. यावरून तिला पुढे त्याच्यापेक्षाही स्वतःचा जास्त राग आला.

तो उठला, टेबलावरचा कीबोर्ड ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी तिच्या तोंडावर हाणला. एकदा, दोनदा. बटणं खोलीभर उडाली. ती पडली आणि तिचा आवाज बंद झाला.

भिंतीपलीकडे मावशी शिवतच होती. पण मावशीला या घराचा क्रम पाठ होता. आधी आपटाआपटी, मग किंचाळणं, मग शांतता, आणि शांततेनंतर लगेच बटणांची टकटक. ही टकटक सुरू झाली की मावशी समजायची, पोरगी कामाला बसली. आज टकटक आली नाही. मावशीनं कपडा बाजूला ठेवला. वाट बघितली. टकटक नाही. मग इस्त्रीची वायर उपसली आणि इस्त्री हातात घेऊन ती निघाली.

दार नुसतं लोटलेलं होतं. तो बायकोच्या अंगावर बसला होता, मूठ वर उचललेली. मावशीनं तापलेली इस्त्री त्याच्या मानेखाली टेकवली आणि दाबून धरली. मावशी पुढे सांगायची, "धूर निघेपर्यंत उचलली नाही. का उचलू?"

तो बोंबलत बाहेर पळाला. नाकातून रक्त, पाठीवर जळका सदरा. "वाचवा, वाचवा!" करत आख्ख्या मजल्यावरून गेला. कुणी दार उघडलं नाही. एकानं खिडकीतून बघून आतल्या माणसांना हसत सांगितलं, "आजचा भाग जोरदार दिसतोय."

पोलिसांत तक्रार झाली. तो भावाच्या घरी सापडला. चार दिवसांत जामिनावर सुटून परत भावाकडेच गेला. मावशीनं इकडे हिच्या दाराचं कुलूप बदलून घेतलं होतं. मारामारीवालीची दोन बोटं प्लास्टरमध्ये, गालावर सात टाके. पाचव्या दिवशी नवीन कीबोर्ड आला. डाव्या हाताच्या एका बोटानं तिनं तो राहिलेला भाग लिहिला. झालं तसं लिहिलं. थापा लिहिल्या, "ऐकली" लिहिलं, पलीकडे थांबून पुन्हा सुरू झालेलं यंत्र लिहिलं. दोन दिवस लागले. पाठवून दिला.

संध्याकाळी संपादिकेचं उत्तर आलं.

"आजवरचा तुमचा सर्वांत चांगला प्रसंग. एकच गोष्ट पटत नाही. ती एवढी किंचाळते, मजल्यावर इतकी घरं आहेत, मग किंकाळी ऐकून एकही शेजारी धावत कसा येत नाही? वाचक विश्वास ठेवणार नाहीत. तेवढं दुरुस्त करून पाठवा."

तिनं ते दोनदा वाचलं. उठली, चप्पल घातली आणि बाहेर गेली. पहिलं दार बादलीवाल्याचं. त्यानं दार उघडलं, तिचे टाके बघितले आणि मान खाली घातली. तो काही बोलायच्या आत ती म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला एक सांगून गेले होते. ते विसरा. माझ्या घरातून आवाज आला की या."

"आणि तुमचं काम असलं तर?" त्यानं चाचरत विचारलं.

"काम असलं तरी या," ती म्हणाली, आणि पुढचं दार वाजवायला गेली.