आईसाठी काळोख शोधायला: काळाचौकी ते गिरगाव

पहिलंच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि टाइप मी एका बोटाने करते, त्यामुळे एवढंसं लिहायला पण मला दोन रविवार लागले. चूक दिसली तर मनातल्या मनात दुरुस्त करा, कमेंटमध्ये नको. नववीत शाळा सोडली मी. बाई उभं राहून वाचायला सांगायच्या आणि माझा आवाजच निघायचा नाही. लिहिताना तसं होत नाही, म्हणून हा ब्लॉग. याच्या आधी शिवडीचे फ्लेमिंगो आणि राणीची बाग असं दोनच लिहिलंय.

ही ट्रिप एका संध्याकाळची आहे. ते नवीन श्वासाचे दिवे ज्यांना बघायचेत त्यांना उपयोगी पडेल. लालबाग, परळ, दादर, गिरगाव. सगळीकडे चालत आणि बसने जाता येतं, खाणं धरून दोघींचे दोनशेच्या आत भागतात. पाण्याची बाटली घरून घ्या.

दिवे काय आहेत ते आधी सांगते. आमच्या काळाचौकीच्या बागेत ते दिवाळीनंतर आले. प्रत्येक बाकड्याशेजारी छातीएवढा खांब. कोणी नसलं की मंद पांढरा. दोघं बसले की पिवळा. एकटं माणूस बराच वेळ न हलता बसलं की निळा होतो आणि कमीजास्त व्हायला लागतो, त्याच्याबरोबर आपण श्वास घ्यायचा, सोडायचा. मनाला आराम पडावा म्हणून केलंय. खाली पाटी आहे, निळा दिवा दिसला तर थांबा, दोन शब्द बोला. पहिल्यांदा वाचून मला पण बरं वाटलेलं.

आता माझी आई. ती रोज जेवणं झाली की "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून बागेत जायची, पाण्याच्या टाकीमागच्या बाकड्यावर बसायची आणि रडायची. मी चौथीत असल्यापासून मला माहितीये. कशासाठी ते माहीत नाही, विचारलं नाही. आमची खोली एक. त्यात आई, बाबा, दादा, वहिनी, त्यांचं बाळ आणि मी. तिथे रडणार कुठे. थोड्या वेळाने बागेतल्या नळावर तोंड धुऊन वर यायची आणि मग एकदम झकास असायची. वहिनीची मस्करी, बाबांना चिडवणं, सगळं. गोळी घेतल्यासारखं होतं ते.

आई कुठलाही दिवा लागला की हात जोडते. घरातली ट्यूब लावली तरी. तर पहिल्या दिवशी तिन्हीसांजेला ते खांब लागले, तेव्हा तिने त्यांना पण हात जोडले आणि डोळे मिटून उभी राहिली. खांबाला वाटलं, बाई एकटी आहे, हलत नाही. झाला निळा. लगेच दोन पोरं धावत आली, "काकू, हॅलो, दोन शब्द बोला." चाळीची सगळी गॅलरी हसली. आई पण हसली.

मग जेवून टाकीमागे बसली तेव्हा पण निळा. आधी ते बाकडं वरून दिसायचंच नाही. आता तिसऱ्या मजल्यावरून दिसतं. सकाळी नळावर शेजारच्या परब काकी म्हणाल्या, "काय गो, काल निळी झाल्लंस?" आठवड्यात आईचं नाव निळी काकू पडलं. दादा घरी येऊन तापला. "लोक मला विचारतात तुमच्या घरी काय त्रास आहे. आम्ही काय मारतो का तुला?"  दुसऱ्या दिवसापासून आई बागेत जायची बंद झाली.

त्याला महिना झाला. मस्करी बंद. जेवण अर्धं ठेवते. रात्री भिंतीकडे तोंड करून पडते, पण झोपत नाही. मी बाजूलाच झोपते, मला कळतं.

म्हणून मी ठरवलं की आईला बसायला दुसरी जागा शोधायची, जिथे खांब नाही. आणि दादरला हे दिवे बनवणारे लोक शनिवारी टेबल लावून बसतात, सूचना ऐकतात, असं पाटीवरच लिहिलेलं. त्यांना एक वाक्य बोलायचं. टाकीमागचा एक दिवा बंद ठेवाल का. एवढंच. मोरीत पाणी सोडून मी ते पाठ केलं.

आईला यातलं काय सांगितलं नाही. म्हटलं, ब्लॉगसाठी दिवे बघायचेत, सोबत चल.

"खंय व्हरतंस गो माका?" उंबऱ्यातच विचारलं तिने. ती मालवणची आहे, घरी असंच बोलते.

"चल ना. समुद्र पण बघू."

काळाचौकीहून लालबाग चालतच. चिवडा गल्लीतून पाव किलो चिवडा घेतला. आईने चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, "ह्याच्यापेक्षा बरो मी करीन." महिन्याभरात पहिल्यांदा तिने कशाला तरी नावं ठेवली. मला भारी वाटलं. वाटलं, जमतंय.

पुढे एका छोट्या बागेत खांब होते. एका बाकड्यावर एक पोरगा मान खाली घालून बसलेला, दुसरा मोबाइल धरून उभा. रील काढत होते. आई दमली म्हणून बाजूला टेकली तर खांब पिवळा.

"मावशी, जरा उठता का," मोबाइलवाला म्हणाला. "निळा होत नाहीये."

"कित्याक होयो निळो?"

"सॅड सीन आहे ना."

आई उठली. "माझो घे," म्हणाली, "फुकट देतंय." पोरांना काय कळलं नाही. मला हसू आलं आणि मग आलं नाही.

परळपर्यंत पुलाखालून सरळ चालायचं. फूटपाथ फुटलाय, चपला धड घाला. तिथे हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकड्यांना पण खांब आहेत. पेशंटचे नातेवाईक तिथेच राहतात, पिशव्या, डबे, सगळं घेऊन. एका खांबावर टॉवेल टाकलेला. खाली एक काका आडवे. मी बघत राहिले तर स्वतःच बोलले.

"जळगावहून आलोय. बायको आत आहे. दिवसभर धावाधाव, रात्री जरा डोळा लागला की हा निळा व्हतो. मग कोणीतरी येतं. काका, बोलायचंय का? अरे बाबा, झोपायचंय."

"टॉवेलने होतं का बंद?" मी विचारलं. अनोळखी माणसाला मी आपणहून विचारलं, हे माझं मलाच नंतर लक्षात आलं.

"वॉचमन येईपर्यंत व्हतं."

आईने त्यांना अर्धा चिवडा दिला. विचारलं काही नाही, बायकोला काय झालंय वगैरे. नुसता पुडा पुढे केला आणि दुसरीकडे बघत उभी राहिली.

परळहून दादरला बस मिळते, पण तेवढ्यासाठी थांबू नका, चाललात तर लवकर पोचाल. आम्ही थांबलो आणि पस्तावलो. फुलवाल्यांकडून पुढे गेलं की बाग. तिथे टेबल होतं, पांढरा कपडा, वर तीन चेहरे असलेली बटणं, हसरा, साधा, रडका. टेबलामागे एक ताई, गळ्यात ओळखपत्र. आईला मी लांब कट्ट्यावर बसवलं. तिथे खांब नव्हता, मी आधी बघितलं.

रांग नव्हती, तरी मी दोनदा पुढे जाऊन परत आले. मग त्या ताईनेच हाक मारली. "बोल ना, बिनधास्त बोल."

मी बोलले. "काळाचौकीच्या बागेत टाकीमागचा एक दिवा बंद ठेवाल का."

आवाज निघाला. नीट निघाला. मी तिथेच थांबायला पायजे होतं.

"का गं? डोळ्यांवर येतो का?"

"नाही. आईला रडायचं असतं."

ताईचा चेहरा बदलला. ती वाईट नव्हती, हे मला सांगायचंय. ती म्हणाली, "अगं, काळोखात एकटं बसलेल्या माणसाचं काही बरंवाईट होऊ नये, म्हणून तर आम्ही हे केलं." हे मला पटलं. आज पण पटतं. मग म्हणाली, "आई कुठेय? आलीये का?" आणि मी तोंड उघडायच्या आधीच माझी नजर कट्ट्याकडे गेली. ती टेबलामागून बाहेर आली, सरळ आईकडे गेली, आईचे दोन्ही हात हातात घेतले.

"काकू, तुम्ही एकट्या नाही आहात."

"माका ठावक हा," आई म्हणाली. "सहा जणा आसत घरात."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आईच्या नाही आलं. ताई बराच वेळ बोलत होती आणि आई हो हो करत होती, बँकेत फॉर्मबद्दल सांगतात तेव्हा करते तसं. निघताना ताई मला म्हणाली, "छान सुचवलंस. 'मला एकटं राहू द्या' असा वेगळा रंगच देऊ आपण."

बस स्टॉपपर्यंत आई पुढे, मी मागे. स्टॉपवर तिने विचारलं.

"तू सांगलंस तिका?"

"हो."

"कधीपासून ठावक हा तुका?"

"चौथीपासून."

ती रस्त्याकडे बघत राहिली. "इतकी वर्सा गप रवलंस. आणि आज सांगलंस."

मला तिथूनच घरी जायचं होतं. पण गिरगावकडची लाल बस आली आणि आई चढली. खिडकीशी बसली. मी तिकिटं काढली आणि मागच्या सीटवर बसले. बाजूला जागा होती तरी.

गिरगाव चौपाटीबद्दल तुम्हाला सगळ्यांनाच माहितीये. भेळ खा, पण आधी भाव विचारा. वाळूत भेळवाल्यांपासून लांब, पाण्याच्या बाजूला गेलं की जरा काळोख आहे. खांब नाहीत. मी मनात म्हटलं, हीच जागा. आईला तिथे बसवलं, म्हटलं, कुल्फी घेऊन येते, गर्दी आहे, वेळ लागेल. आणि मुद्दाम वेळ लावला. लांब उभी राहून कुल्फी अर्धी वितळेपर्यंत तिच्याकडे पाठ करून थांबले.

परत आले तर ती तिथे नव्हती.  ताईचं ते बरंवाईट डोक्यात आलं. मग दिसली, भेळवाल्याच्या लखलखीत बल्बखाली, पदर घट्ट धरून, येणाऱ्याजाणाऱ्याची तोंडं बघत.

"खंय गेल्लंस? मी किती शोधूचा?"

"तू बसायचंस ना तिथे. कोण बघत नव्हतं."

तिने कुल्फी घेतली. माझ्यावर ओरडेल असं वाटलं, पण हळूच म्हणाली, "रडूक नुसतो काळोख पुरत नाय गो. बघून न बघितल्यासारखी करणारी माणसा लागतत. परबीण काय आंधळी होती? वर्सानुवर्सा तिका माझे लाल डोळे दिसत होते. तोंड धुऊन येय तेव्हा विचारी, आज भाजी काय केलंस."

मग आम्ही कुल्फी संपवली. चांगली होती, मलई जास्त.

घरी येताना बागेवरूनच यावं लागतं. टाकीपाशी मी म्हटलं, "मी बसते ना तुझ्याबरोबर. पिवळा होईल." ती बसली, माझं मन राखायला. पिवळा झाला. वरून कोणी बघितलं नाही, पिवळ्याकडे कोण बघतं. आई म्हणाली, उद्या डाळ भिजत घालायचीये. मी म्हटलं, हो. मग आम्ही वर गेलो.

तर अशी ट्रिप. जायचं असेल तर दिवे दिसायला चांगले आहेत, विशेषतः दादरचे, फोटो मस्त येतात. मला काय मिळालं विचाराल तर माझा आवाज निघतो, हे कळलं. पहिल्यांदा नीट निघाला आणि आईचंच सांगून बसला.

टाकीमागच्या खांबाला आता बटण आलंय. दाबलं की गुलाबी होतो, म्हणजे मला एकटं राहू द्या. पोरं दाबून पळतात. परब काकी नळावर विचारतात, "आज निळी काय गुलाबी?" भाजीचं विचारत नाहीत. आई कुठेच जात नाही. आणि ट्रिपच्या दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिने घरातली ट्यूब लावली आणि तशीच गॅसकडे वळली. हात जोडले नाहीत. विसरली असेल म्हणून मी रोज बघते.

आता बंद करते, खाली गलका झालाय. आत्ताच दादा सांगत आला, कोपऱ्यावरच्या पिंपळाची मोठी फांदी पडली, कोणाला लागलं नाही, एका स्कूटरची सीट तेवढी फाटली.