खोबरेलाखालचे तीन खड्डे

फिलिपिन्समधल्या आबुनो गावात नोंग पोरोय चाळीस वर्षं गिटारी बनवत होता, आणि खोबरेलाचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. केसांना खोबरेल, गुडघ्याला खोबरेल. मग लोक ते गिटारीच्या मानेवरच्या, बोटं फिरतात त्या पट्टीलाही चोपडायचे.

त्या सकाळी शेजारची दुल्सिंग वारलेल्या नवऱ्याची गिटार घेऊन आली. पट्टी काळी, चिकट आणि खवट झाली होती.

"नोंग, लाकूड कुजलं हो. दर रविवारी तेल लावत होते मी."

"गिटार आहे की मासे तळायचेत?" तो खेकसला.

तारा काढून त्याने प्लास्टिकच्या तुकड्याने मळ खरवडला आणि ओलसर फडक्याने पट्टी पुसली. खालचं कामागोंगचं लाकूड ठणठणीत निघालं. फक्त पट्टीवरच्या दुसऱ्या आडव्या धातूच्या पडद्याजवळ तीन उथळ खड्डे पडले होते.

"वाजवून वाजवून त्याच्या बोटांनी झिजलंय. बुजवून देऊ?"

दुल्सिंगने त्या खड्ड्यांत आपली तीन बोटं टेकवली आणि मोठा सुस्कारा सोडला.

"हात लावाल तर खबरदार! हेच कुजून गेले असं वाटत होतं मला."