मुक्या चित्रफितीची सभा

कपाटात जुना हँडीकॅम सापडला आणि त्याच्या पट्ट्याच्या कुबट वासासरशी शेलार गावातली कामगारांची ती सभा आठवली. तिथल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात आग लागली, तेव्हा भाजलेल्या एका कामगाराचं म्हणणं मी इस्पितळात याच कॅमेऱ्यात टिपलं होतं. पुढे तो दगावला, आणि मालक सांगत सुटला की दार उघडंच होतं. ते चित्रण सभेत दाखवता यावं म्हणून त्या दिवशी मी धामणकर नाक्यावर लग्नाच्या फिल्म जोडणाऱ्याकडे धावलो, तर त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र दिसे, आवाज येईना. "भाऊ, या एचडी कॅमेऱ्याचा आवाज आपलं सॉफ्टवेअर घेतच नाय. फोटो समज आणि ने," तो म्हणाला. मी संतापलो, पण तेच घेऊन गेलो. मंडपात पडद्यावर त्या भाजलेल्या कामगाराचे ओठ नुसतेच हलू लागले. मी माफी मागायला उठलो, तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, "बस रं भाऊ. लूमच्या खडखडाटात आमी असंच बोलतो. आवाज कुनाला लागतो?" आणि मंडपातले सगळे कामगार त्याचे ओठ वाचत एकदम बोलले, "दाराला बाहेरून कुलूप होतं." आजही कामगारांसाठी पत्रक लिहून झालं की मी ते नुसते ओठ हलवून वाचतो, आणि ओठांवरून त्या मंडपाला जे कळलं नसतं, ते वाक्य खोडतो.